पाकिस्तानच्या जेलातून भावाला परत आणेपर्यंत

हे लिहायला बसलो त्याचं कारण एकच. आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात अजून अशी घरं आहेत ज्यांचा माणूस कराचीच्या जेलात आहे, आणि घरच्यांना पुढं काय करायचं, कुठं जायचं, कुठला कागद लागतो हे कोणी धड सांगत नाही. आम्ही त्यातनं गेलोय म्हणून जे जसं झालं तसं लिहितो. माझा मोठा भाऊ गुजरातच्या बोटीवर खलाशी होता आणि २०२२ च्या सुरुवातीला पाकिस्तानी मरीनने त्यांची बोट पकडली. मरीन म्हणजे पाकिस्तान मेरीटाइम सिक्युरिटी एजन्सी, पण बोटीवरचे सगळे नुसतं मरीनच म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हे सांगतो की पालघरची माणसं गुजरातच्या बोटीवर कशी काय. आमच्याकडे शेती पावसाची एकच, भात आणि थोडी नागली, तीही घरात खाण्यापुरती. पावसाळा सरत आला की ओखा, पोरबंदर, मांगरोळ, वेरावळ इकडचे टंडेल, म्हणजे बोट चालवणारे कप्तान, पाड्यावर येतात, शेठच्या म्हणजे बोटमालकाच्या वतीने उचल देतात, आणि घरटी एकदोन तरणी पोरं ट्रकात बसून निघतात ती मे संपता संपता परत येतात. उचल घेतली की हंगाम पूर्ण करावाच लागतो. लग्न, आजारपण, घरावर पत्रे, सगळं त्या उचलीवर होतं. दादाने पण वहिनीच्या बाळंतपणात झालेलं कर्ज फेडायला उचल घेतली होती. बोट कुठं जाणार, किती आत जाणार हे खलाशी ठरवत नाही, ते टंडेल ठरवतो, आणि टंडेलला शेठ सांगतो की यावेळी माल कमी आला. किनाऱ्याजवळ मासा उरला नाही असं सगळेच सांगतात, आणि सिंधू नदी समुद्राला मिळते तिकडचं पाणी मासळीने भरलेलं, कोळंबी तिकडं, घोळ मासा तिकडं. मग बोटी तिकडं सरकत जातात.

पकडल्याची बातमी आम्हाला सरकारकडून आली नाही. बाजूच्या बोटीने वायरलेसवर ऐकलं, तिच्या टंडेलने बंदरावर आल्यावर शेठला सांगितलं, शेठने आमच्या पाड्यावरच्या दुसऱ्या खलाशाच्या घरी फोन केला आणि त्यांच्या पोराने धावत येऊन आम्हाला सांगितलं की बोट पकडली, सगळे पकडले. आईने पहिला प्रश्न विचारला तो असा की जिवंत आहेत का. तो प्रश्न तिने उगाच नव्हता विचारला, कारण त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, गुजरातच्या बोटीवर मरीनने गोळीबार केला होता आणि आमच्याच पालघर जिल्ह्यातला एक खलाशी त्यात गेला होता. ती बातमी आमच्याकडे घराघरात माहीत होती.

दादाने परत आल्यावर सांगितलं ते असं. पहाटेची वेळ, जाळं पाण्यात होतं, अंधारातनं मरीनची स्पीडबोट आली, हवेत गोळ्या झाडल्या, टंडेलला त्यांच्या जहाजावर चढवलं, बाकीच्यांना खाली मान घालून बसवलं आणि बोट बांधून कराचीकडे ओढत नेली. जाळं तोडायला लावलं. समुद्रात ना कुंपण ना खांब. जीपीएसवर दोन देशांमधल्या समुद्री हद्दीची लाइन दिसते हे खरं, पण जाळं टाकलेली बोट वाऱ्याने आणि करंटने कुठल्या कुठं जाते, आणि खलाशाच्या हातात जीपीएस नसतोच, तो जाळं ओढत असतो. आपल्या बाजूला त्या लाइनच्या अलीकडं ५ नॉटिकल मैलांचा नो फिशिंग झोन आहे, तिथं गेलेल्या बोटीवर आपलं सरकार पण कारवाई करतं, हे मला मान्य आहे. आमची बोट लाइनच्या नेमकी कुठल्या बाजूला होती हे दादा आजही सांगू शकत नाही.

मी बारावीपर्यंत शिकलोय, बोईसरला कंपनीत शिफ्टला जातो, घरात इंग्रजी कागद वाचणारा मी एकटा. म्हणून सगळी धावपळ माझ्याकडे आली आणि त्या निमित्ताने मी बरंच वाचलं. त्यात मला पहिल्यांदा कळलं की ती लाइन नक्की कुठं आहे यावरच दोन देशांचं एकमत नाही. कच्छच्या रणात सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटरची खाडी आहे. भारत म्हणतो हद्द खाडीच्या मधोमध, पाकिस्तान म्हणतो पूर्वेकडच्या काठाने, म्हणजे अख्खी खाडी त्यांची. भांडण जुनं आहे, इंग्रजांच्या काळात कच्छचे राव आणि सिंध यांच्यात सुरू झालेलं, आणि त्यावर मुंबई सरकारने १९१४ मध्ये ठराव आणि नकाशा केला, दोन्ही देश आज त्याच ठरावाचा आपापला अर्थ लावतात. २००७ मध्ये दोघांनी मिळून सर्व्हे पण केला, पण हद्द ठरली नाही. जमिनीवरचं टोक ठरत नाही तोवर तिथून पुढं समुद्रातली रेघ पण पक्की ठरत नाही. आणि या न ठरलेल्या रेघेवरून दोन्हीकडची माणसं वर्षानुवर्षं जेलात जातात.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण मला कोणी म्हटलं की तुम्हाला देशाच्या सुरक्षेची काळजी नाही तर ते खरं नाही. २६/११ चे दहशतवादी पोरबंदरच्या कुबेर ट्रॉलरवरून मुंबईला आले आणि त्या बोटीवरच्या आपल्या खलाशांना त्यांनी मारलं. ते पण आमच्यासारखे गरीब खलाशीच होते. तेव्हा समुद्रात तपासणी हवी, बोटीचं टोकन, म्हणजे समुद्रात जायच्या परवान्याचा कागद हवा, प्रत्येकाचं ओळखपत्र हवं, आणि पकडलेल्या माणसाची चौकशी पण दोन्ही देशांनी करावी. पण चौकशीत कळलं की हा मासे पकडणारा आहे, बोटीत बर्फ आणि मासळीशिवाय काही नाही, तर मग त्याला दीड-दोन-तीन वर्षं ठेवायचं कशासाठी? समुद्राच्या कायद्याचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे १९८२ चा, तो भारताने १९९५ ला आणि पाकिस्तानने १९९७ ला मान्य केलाय. त्याच्या ७३ व्या कलमात सरळ लिहिलंय की आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापुढच्या ज्या समुद्रात मासेमारीचा हक्क त्या देशाचा असतो तिथं, मासेमारीचे नियम मोडले तर, दोन देशांनी वेगळं काही ठरवलेलं नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही, दंड घ्या आणि योग्य हमी घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडा. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी शिफ्टमधल्या साहेबांना पण ते दाखवलं, म्हटलं बघा, हे लिहिलेलं आहे.

कागदांचं सांगतो. पकडल्यानंतर तिकडं कराचीत डॉक्स पोलीस स्टेशनला गुन्हा नोंदवतात, कोर्टात उभं करतात, मग लांढीच्या मलीर जेलात पाठवतात. शिक्षा बहुतेक काही महिन्यांची असते. पण शिक्षा संपली म्हणजे सुटला असं होत नाही, कारण त्याआधी हा माणूस भारतीय आहे हे भारताने लेखी सांगावं लागतं. त्यासाठी इस्लामाबादच्या आपल्या हायकमिशनचे अधिकारी जेलात जाऊन भेटतात, त्याला कॉन्सुलर ॲक्सेस म्हणतात, फॉर्म भरून घेतात, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, पोलीस स्टेशन, अंगावरच्या खुणा. तो फॉर्म दिल्लीला, तिथून राज्याला, जिल्ह्याला आणि शेवटी आपल्या जवळच्या पोलीस स्टेशनला येतो, हवालदार घरी येऊन खात्री करतात आणि मग तोच रिपोर्ट उलट्या वाटेने वर जातो. २१ मे २००८ ला दोन्ही देशांनी यावर करार केलाय, त्यात लिहिलंय की अटकेपासून तीन महिन्यांत ही भेट द्यायची, आणि राष्ट्रीयत्व पक्कं झालं आणि शिक्षा संपली की एका महिन्यात सोडायचं. आमच्या बाबतीत दोन्ही मुदती कधीच उलटून गेल्या होत्या, आणि आमच्याच नाही, मला जेवढी घरं भेटली त्या सगळ्यांच्या.

आमचं अडकलं ते नावावर. दादाचं आधारवर वडिलांचं नाव एक, रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं, आणि टोकनवर बोटीवाल्याने चौथंच लिहिलेलं. आमच्या पाड्यांवर हे घरोघरी आहे, लहानपणी मास्तरांनी जे लिहिलं ते लिहिलं. गावाच्या जागी दादाने पाड्याचं नाव सांगितलं होतं आणि त्या नावाचे पाडे तालुक्यात तीनचार, त्यामुळे फॉर्म आधी भलत्याच पोलीस स्टेशनला गेला. हे आम्हाला कळलं तेही योगायोगाने, त्याच बोटीवरच्या दुसऱ्या खलाशाच्या घरी पोलीस येऊन गेले आणि आमच्याकडे कोणीच आलं नाही तेव्हा मी विचारत गेलो. आमच्या पोलीस स्टेशनातले एक हवालदार फार चांगले भेटले, त्यांनी स्वतः बाजूच्या ठाण्यात फोन लावून शोधलं. मग ग्रामसेवकाचा दाखला, सरपंचांचा दाखला, पोलीस पाटलांचा जबाब, वेगवेगळी नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र, आईचा जबाब, आईचा अंगठा. दादाच्या उजव्या दंडावर कोयत्याची जुनी खूण आहे, ती दोन्ही कागदांत जुळली तेव्हा साहेब म्हणाले आता अडचण नाही. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगतो, घरातला माणूस बोटीवर जायच्या आधी त्याचे कागद एका नावाचे करून घ्या आणि सगळ्यांचे फोटो काढून घरी ठेवा, बोटीवर ओरिजिनल आधार घेऊन गेला असेल तर ते बोटीबरोबरच जातं.

पैशाचं. गुजरात सरकार पकडलेल्या मच्छिमाराच्या घरी दिवसाला ३०० रुपये देतं, आधी १५० होते. आमचं काय? आम्ही राहणार महाराष्ट्रात, बोट गुजरातची, मालक गुजरातचा. एका ऑफिसात सांगितलं बोट ज्या राज्याची ते राज्य देईल, दुसऱ्या ऑफिसात सांगितलं माणूस ज्या राज्याचा ते देईल, आणि प्रत्येक ठिकाणी बोटीचं रजिस्ट्रेशन आणि टोकनची झेरॉक्स मागत, ती शेठकडे. शेठ सुरुवातीला फोन उचलायचे, नंतर उचलेनात. त्यांच्यावर पण राग धरत नाही मी, त्यांची पन्नास-साठ लाखांची बोट गेली होती आणि तिकडं गेलेली बोट सहसा परत येत नाही. भारताच्या हजाराच्या वर बोटी तिकडं पडून आहेत, माणसं सुटतात पण बोटी तिथंच सडतात, २०१५ मध्ये ५७ सोडल्या तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. पण शेठच्या बोटीचं कर्ज बँकेचं असतं, आमचं कर्ज पाड्यावरच्या माणसाचं असतं आणि तो रोज समोर दिसतो.

वहिनीबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. दादा गेला तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. ती वीटभट्टीवर गेली, मग भिवंडीकडे गेली, मग परत आली कारण बाळ आजारी पडलं. माहेरचे म्हणाले आमच्याकडे ये, ती म्हणाली पोलीस चौकशीला आले आणि मी घरात नसले तर, म्हणून गेली नाही. हळदीकुंकवाला बोलावतानाही बायका अडखळायच्या. ते मला नंतर आईने सांगितलं, वहिनी कधी बोलली नाही. रात्री मोबाईलवर ती एकच करायची, दादाचा शेवटचा व्हॉइस मेसेज ऐकायची, बंदरातनं निघताना पाठवलेला, त्यात तो एवढंच म्हणतो की रेंज जाईल आता, बाळाला डोस द्यायला विसरू नको. सरकारी भाषेत तिला कुठलंच नाव नाही. विधवा नाही, परित्यक्ता नाही, म्हणून कुठल्या योजनेत बसत नाही. फॉर्म भरताना मी तिच्या नवऱ्याच्या रकान्यापुढं हयात असं लिहायचो आणि पुढचा प्रश्न असायचा की मग उत्पन्नाचा दाखला त्यांच्या नावाने आणा.

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. हे पण २००८ च्या त्याच करारातलं. या दोन तारखा आमच्या घरात सणासारख्या पाळल्या जायच्या, सकाळपासून मी मोबाईल घेऊन बसायचो. पण बातमीत फक्त आकडा येतो, नावं येत नाहीत. १ जानेवारी २०२३ ला आकडा आला, पाकिस्तानच्या ताब्यात ६५४ भारतीय मच्छिमार आणि ५१ इतर कैदी, भारताच्या ताब्यात त्यांचे ९५ मच्छिमार आणि ३३९ इतर. आई म्हणाली त्या ६५४ मध्ये आपला आहे ना? मी म्हटलं आहे. माझ्याकडे त्याला काहीच पुरावा नव्हता.

पुरावा आला तो चिठ्ठीने. आधी सुटून आलेल्या एका सौराष्ट्रातल्या खलाशाने बरोबर आणलेल्या चिठ्ठ्या आपापल्या पत्त्यावर पाठवल्या, त्यात दादाची होती, दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात, कारण दादाला लिहिता येत नाही. तब्येत बरी आहे, खाज फार येते, रोटी खावी लागते, भाताची आठवण येते, उचलीचं शेठशी बोल. एवढंच. पण त्या चिठ्ठीनंतर आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

मुंबईत पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम नावाची संघटना आहे, १९९४ पासूनची, त्यांची माणसं दोन्हीकडच्या मच्छिमारांसाठी सतत पत्रं लिहीत असतात, दोन्ही सरकारांच्या मागे लागतात. त्यांच्याशी संपर्क झाल्यावर मला बरंच कळलं. उदाहरणार्थ, दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती होती, जी एकमेकांच्या जेलात जाऊन कैद्यांना भेटायची, आजारी, म्हातारे, शिक्षा संपलेले यांची यादी करून सोडायची शिफारस करायची. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ ला झाली. मधे परत सुरू करायचं ठरलं पण पुन्हा भेट झालीच नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रश्नात सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट ही आहे, आठ म्हातारे न्यायाधीश आणि विमानाची तिकिटं, आणि तीच बंद आहे.

मग मे २०२३ आला. गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेची परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती, पाकिस्तानचे बिलावल भुट्टो आले होते, बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा परराष्ट्रमंत्री भारतात आला होता. टीव्हीवर दोन्हीकडून कडक भाषा, कोणी हात मिळवला, कोणी नुसता नमस्कार केला, यावर तासनतास चर्चा. आणि त्याच दिवसांत बातमी आली की पाकिस्तान ६०० मच्छिमार सोडणार. एवढे दिवस जे अडलं होतं, म्हणजे खात्री, शिक्षा, सह्या, ते सगळं त्या आठवड्यात कसं काय झालं? काहीच नवीन झालं नव्हतं. कागद आधीच तयार होते, माणसं आधीच शिक्षा भोगून बसली होती, फक्त सोडायचा मुहूर्त लागत नव्हता. ही गोष्ट मला फार लागली आणि आजही लागते. भाऊ सुटला याचा आनंद आहेच, पण तो कायद्याने सुटला नाही, दोन देशांची हवा जरा बरी झाली म्हणून सुटला. आणि हवा बिघडली की कायद्याने सुटायला हवेत ते पण आत राहतात.

पहिल्या तुकडीत १९८ जण आले. त्यात दादा नव्हता. ते कसं कळलं ते सांगवत नाही, व्हॉट्सॲपवर यादीचा तिरका फोटो फिरत होता, आम्ही मोठा करकरून एकेक नाव वाचत होतो, आणि आमच्या बाजूच्या पाड्यावरच्या एकाचं नाव निघालं, तिथं फटाके वाजले, आमच्या घरात दिवा लावायला कोणी उठलं नाही. दुसरी तुकडी २०० जणांची, ती जूनच्या सुरुवातीला, त्यात दादाचं नाव होतं, बापाचं नाव चुकलेलं पण गाव बरोबर.

मलीर जेलातून त्यांना कराची स्टेशनवर आणलं, तिथून रेल्वेने लाहोर. एधी फाउंडेशन या तिकडच्या सेवाभावी संस्थेच्या लोकांनी प्रवासाची सोय केली, प्रत्येकाच्या हातात थोडे पैसे आणि घरच्यांसाठी भेटवस्तू दिल्या. दादाने बाळासाठी दिलेला फ्रॉक आणला होता, आमचं बाळ मुलगा आहे, तरी वहिनीने त्याला तो एक दिवस घातला. रात्री वाघा सीमेवर आपल्या बीएसएफच्या ताब्यात दिलं. पासपोर्ट कोणाकडेच नसतो, हायकमिशनने दिलेलं इमर्जन्सी ट्रॅव्हल सर्टिफिकेट, एक कागद, त्यावर इकडं येतात. काही जण सीमेच्या आपल्या बाजूला अटारीला जमिनीवर डोकं टेकवून रडले म्हणे. डॉक्टरांनी तपासलं, अमृतसरला ठेवलं, मग गुजरातच्या मत्स्य खात्याची टीम त्यांना घेऊन वेरावळला आली. आम्ही वापीहून गाडी पकडून वेरावळला गेलो होतो. तिथं पण लगेच हातात देत नाहीत, आपल्या एजन्सींची चौकशी होते, कुठं ठेवलं, कोणी काय विचारलं, कोणी काही करायला सांगितलं का. हे मला पटलं, व्हायलाच हवं. बाहेर मांडवात सगळ्या राज्यांचे नातेवाईक बसलेले. एका म्हाताऱ्या बाईच्या हातात फोटो होता, ती सुटून आलेल्या प्रत्येकाला दाखवत होती, तिचा मुलगा या तुकडीत नव्हता, तरी ती दिवहून आली होती, कोणी त्याला बघितलं का एवढंच विचारायला. दादाने बघितला होता. तो तिच्याजवळ बसून बराच वेळ सांगत राहिला, आम्हाला नंतर भेटला.

जेलातलं तो हळूहळू सांगतो. भारतीय मच्छिमारांची बराक वेगळी. मारहाण रोजची असं नव्हतं, सुरुवातीच्या चौकशीत झाली. जास्त हाल गर्दीचे, उकाड्याचे आणि कातडीच्या रोगांचे. तिथं हे लोक मण्यांचं काम करतात, माळा, पर्सा, पेन गुंडाळतात, ते विकून साबण-चहाचे पैसे येतात. दादा शिकला, आता घरी आईला एक पिशवी करून दिलीय. जेलातला एक सिंधी कैदी त्याला बिडी द्यायचा, त्याचा चुलता भुजच्या जेलात होता, तोही मच्छिमार. कराचीच्या इब्राहिम हैदरीतून, ठट्ट्यातून निघालेल्या त्यांच्या लहान होड्या आपल्या कच्छमधल्या हरामी नाल्यात, खाड्यांत येतात आणि बीएसएफ पकडते, त्यांच्या घरी पण हेच चाललेलं असतं. मला आधी फक्त आपले दिसायचे, आता आकडे वाचताना मी दोन्ही बाजूचे वाचतो. आपण त्यांचे सोडले की ते आपले सोडतात हे तर आहेच, पण तेवढ्यासाठी नाही. तिकडे पण कोणीतरी वहिनी असणार, तिलाही कुठल्या रकान्यात बसवत नसतील.

परत आल्यावर काय? सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली, फोटो निघाले. उचलीचं कर्ज व्याजासकट तसंच. बाळ दादाकडे जायला तयार नव्हतं, ते जायला दिवाळी उजाडली. दादा रात्री दार लावू देत नाही. आता तो उमरगावला एका कारखान्यात हेल्पर आहे, बोटीपेक्षा कमी मिळतं. त्याच बोटीवरचे दोघं पुढच्याच हंगामात परत ओख्याला गेले. त्यांना कोणी नावं ठेवू नये, घरात दुसरं काही नव्हतं.

त्यानंतर मार्च २०२४ मध्ये डहाणूकडचाच एक खलाशी कराचीच्या जेलात वारला आणि त्याचा मृतदेह घरी यायला महिन्याच्या वर लागला. मेलेल्या माणसाची पण राष्ट्रीयत्वाची खात्री, एनओसी, विमानाची वाट. आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. तिथं माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि दादा तर उंबऱ्याच्या आतच आला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ जण सुटून आले. एप्रिलमध्ये पहलगाम झालं, निष्पाप माणसं मारली, आपल्या महाराष्ट्रातली पण, त्याबद्दल राग आहे आणि राहणार. अटारीची चेकपोस्ट बंद झाली, मे महिन्यात लढाई झाली. तरीही १ जुलै २०२५ ला याद्यांची देवाणघेवाण झाली, तेवढी एक गोष्ट दोन्ही देशांनी मोडली नाही, आणि मला त्याचं मोल फार वाटतं. त्या यादीत पाकिस्तानकडे १९३ भारतीय मच्छिमार होते, आपल्याकडे त्यांचे ८१. परराष्ट्र खात्याने तेव्हा सांगितलं की २०१४ पासून २६६१ मच्छिमार परत आणलेत. म्हणजे परत आणता येतात. रस्ता माहीत आहे, करार आहे, फॉर्म आहे. दोन्ही सरकारांनी ठरवायचं एवढंच आहे की गरिबाची सुटका बाकीच्या भांडणाला बांधायची नाही.

सध्या आमच्या ओळखीतल्या एका घराचे कागद मी बघतोय. माणूस आत आहे, घरी बायको आणि म्हातारा सासरा. टोकनची झेरॉक्स यावेळी आम्ही शेठकडून पहिल्याच आठवड्यात घेतली, प्रतिज्ञापत्र झालं, पाड्याबरोबर महसुली गाव आणि पोलीस स्टेशन पण अर्जात लिहिलं, हवालदार येऊन जबाब घेऊन गेले. जिल्ह्याचा रिपोर्ट वर गेलाय, त्याचा जावक नंबर माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, तेव्हा सकाळी मुंबईला जाऊन तो रिपोर्ट पुढं दिल्लीला गेला का ते विचारून येणार आहे.